अठ्ठेचाळीस तास आणि नानांचे कान

मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिही, असं संपादक काकू मला वर्षभर सांगत होत्या. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस. महानगरपालिकेच्या मराठी शाळेतून बाहेर पडल्यावर मराठीत सलग दोन पानं लिहिल्याचं आठवत नाही. शेवटी काकूच म्हणाल्या, "अरे, तुम्ही ती दोन दिवसांत फिल्म केली होती ना? तेच लिही." म्हणून हा प्रयत्न. चुका पोटात घाला.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वेळेचं बंधन असलेल्या लघुपट स्पर्धा आता बऱ्याच ठिकाणी होतात. अमेरिकेत वॉशिंग्टनला २००१ साली '४८ अवर फिल्म प्रोजेक्ट' सुरू झाला. पुढे तो जगभरातल्या अनेक शहरांत पोहोचला. आपल्या गुजरातेत अहमदाबादला २०११ मध्ये 'इंडिया फिल्म प्रोजेक्ट' सुरू झाला, त्यात पन्नास तास मिळतात. पद्धत साधारण सारखीच. घड्याळ सुरू झालं की विषय कळतो आणि त्यानंतर गोष्ट लिहिणं, शूटिंग, एडिटिंग, संगीत सगळं ठरलेल्या तासांत करायचं. आधी फक्त माणसं, कॅमेरा आणि जागा जमवून ठेवता येतात. घरून गोष्ट तयार करून कुणी येऊ नये म्हणून काही ठिकाणी एखादी वस्तू आणि एखादं वाक्यही देतात. ते दोन्ही फिल्ममध्ये दिसलं, ऐकू आलं पाहिजे.

आम्ही भाग घेतला ती स्पर्धा याच धर्तीवरची, पण छोटी, सुरतेतली. शुक्रवारी संध्याकाळी सात ते रविवारी संध्याकाळी सात. फिल्म जास्तीत जास्त पाच मिनिटांची.

आमची टीम म्हणजे मी, माझी बायको, मावसभाऊ, शेजारचा कॉलेजात शिकणारा मुलगा आणि ऑफिसमधला माझा सुरती मित्र. कॅमेरा मित्राचा. खरं तर स्वप्नही त्याचंच. गेली सहा-सात वर्षं तो लग्नांचे व्हिडिओ करून देतो आणि 'एक दिवस आपणी फिल्म' म्हणत असतो. या स्पर्धेसाठी त्याने शुक्रवारची रजा टाकली होती आणि एक लेन्स भाड्याने आणली होती. मी एडिटिंग करणार होतो, कारण माझ्याकडे त्यातल्या त्यात बरा लॅपटॉप होता.

शुक्रवारी सात वाजता मेसेज आला. विषय : आवाज. वस्तू : जेवणाचा डबा. वाक्य : 'अजून वेळ आहे', कुठल्याही भाषेत.

आम्ही डिंडोलीला आमच्याच घरी जमलो होतो. दहा वाजेपर्यंत आमच्याकडे नऊ गोष्टी होत्या आणि एकही कामाची नव्हती. फोनवर येणारा भुताचा आवाज झाला. अंतरात्म्याचा आवाज झाला. मावसभावाला गणपतीच्या मिरवणुकीतला डीजे दाखवायचा होता, पण मिरवणूक आणायची कुठून? आईने तोवर सगळ्यांसाठी खिचडी टाकली होती. बाहेरच्या खोलीत नाना, म्हणजे माझे वडील, टीव्ही बघत बसले होते, नेहमीप्रमाणे मोठ्या आवाजात.

मी लॅपटॉपवरून मान न उचलता ओरडलो, "नाना, आवाज कमी करा जरा!"

नाना म्हणाले, "हो हो, झालं माझं जेवण."

आम्ही सगळे हसलो. आमच्या घरात हे रोजचंच. फक्त माझा मित्र हसला नाही. तो थोडा वेळ नानांकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "आ ज आपणी फिल्म छे."

मला पटायला वेळ लागला. खरं सांगायचं तर मला थोडा रागही आला. आपल्या बापाच्या बहिरेपणावर फिल्म? पण बायकोने सरळ प्रश्न केला, "तुम्ही नानांना कधी विचारलंय का, त्यांना काय ऐकू येतं आणि काय नाही?"

नव्हतं विचारलं. चौतीस वर्षांचा झालो, तरी नव्हतं विचारलं.

नाना मूळचे धुळे जिल्ह्यातले. तापी जशी खानदेशातून वाहत सुरतेला येते, तशीच आमच्याकडची माणसं ताप्ती लाइनच्या गाडीत बसून उधन्याला उतरली. या अंकाच्या अर्ध्या वाचकांच्या घरात हीच गोष्ट असेल. नाना विसाव्या वर्षी आले आणि एकतीस वर्षं लूमवर होते. सुरतेत आपण 'सांचा' म्हणतो तो. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. त्या पगारावर माझं बीई झालं. ही माहिती मला होती. पण ती फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' लिहिताना असते तेवढीच होती.

त्या रात्री मी टीव्ही बंद केला आणि त्यांच्या समोर बसलो. समोर बसल्यावर ते व्यवस्थित बोलत होते. एकही उत्तर चुकलं नाही.

"सुरुवातीला पाळी संपवून झोपलो की कानात सांचे वाजायचे," ते म्हणाले. "काही महिन्यांनी वाजेनासे झाले. मला वाटलं, सवय झाली."

"मग कळलं कधी?"

"कोरोनात. सगळ्यांनी तोंडं झाकली ना, तेव्हा. तोवर मला वाटायचं मी ऐकतोय. मी ऐकत नव्हतो रे, बघत होतो."

त्या दोन वर्षांत नाना एकदम गप्प झाले होते, चिडचिडे झाले होते. आम्ही वयावर ढकललं. आई म्हणायची, रिटायर झाले की पुरुषांचं असं होतं. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की मास्कमुळे त्यांना माणसांचे ओठ दिसत नव्हते.

"सांगितलं का नाही मग?"

"सांगून काय? सगळे ओरडून बोलायला लागतात. ओरडलेलं ऐकू येतं, पण समोरचा रागावलाय असंच वाटतं."

साडेबाराला आम्ही गोष्ट कागदावर लिहिली. एक म्हातारा लूम कामगार, त्याचं घर, एक दिवस. आणि प्रेक्षकाला सगळं तेवढंच ऐकू येईल, जेवढं त्याला येतं. म्हाताऱ्याचं काम कोण करणार, हा प्रश्नच नव्हता. नानांनी अट घातली, "पाठ करायला सांगू नका."

शनिवारी सकाळी पहिलं शूटिंग लूमच्या शेडमध्ये झालं. नानांच्या ओळखीने वीस मिनिटांची परवानगी मिळाली. मी लहानपणी डबा द्यायला जायचो, पण दारापर्यंतच. आत शिरलो आणि पहिल्या मिनिटातच बाहेर यावंसं वाटलं. मोबाइलच्या अॅपवर आकडा सत्त्याण्णव डेसिबलच्या आसपास फिरत होता. मोबाइलचं माप ढोबळ असतं हे मान्य. पण आपल्याकडे कारखान्यात आठ तासांच्या कामासाठी नव्वद डेसिबल ही मर्यादा मानतात. आणि डेसिबलची मोजपट्टी सरळ नसते. दहाने आकडा वाढला की आवाजाची ऊर्जा दहापट होते. नानांची पाळी तर बारा तासांची होती.

तिथे मी एक गोष्ट पाहिली. नानांच्या वेळचे एक कारीगर अजून कामावर आहेत. ते शेडच्या त्या टोकाला, नाना या टोकाला, मध्ये चार सांचे धडधडतायत. दोघांचं पाच मिनिटं बोलणं झालं. तोंडातून आवाज नाही. ओठ मोठे करून, भुवया उडवून, हाताच्या खुणा करून. मुलीचं लग्न ठरलं, गुडघा दुखतो, मालक बदलला, सगळं. नाना हसत होते. घरात मी त्यांना इतकं मोकळं बोलताना बघितलेलं नव्हतं.

नंतर मी याबद्दल वाचलं. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या बायकाही असंच बोलायच्या. त्या बोलण्याला तिथे 'मी-मॉइंग' असं नावच होतं. जिथे जिथे माग होते, तिथे तिथे माणसांनी ही भाषा आपली आपण तयार केली असणार. आमच्या घरात ती येणारा एक माणूस होता आणि त्याच्याशी ती बोलणारं कुणी नव्हतं.

दुपारी घरातलं शूटिंग. ते कसं झालं हे सविस्तर सांगत नाही, कारण ज्यांनी कुणी घरात शूटिंग केलंय त्यांना माहीत आहे. शेजारच्यांचा मिक्सर, गल्लीतलं क्रिकेट, मध्येच पाऊस. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला नातीचं काम होतं. तिला प्रत्येक टेकनंतर 'मी छान केलं का' हे विचारायचं असायचं, तेही कॅमेरा चालू असताना. आई सकाळपासून स्वयंपाकघरात होती. आता शूटिंग बघायला शेजारच्या काकू, त्यांची सून, मुलं, असे मिळून अकराजण झाले होते. सगळ्यांना शेवभाजी आणि भाकरी.

आईचं ते करणं बघून मला दादासाहेब फाळक्यांच्या घराची गोष्ट आठवली. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लागला, हे आपण शाळेत शिकतो. पण त्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके करत होत्या, आणि वर फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामंही त्याच करत होत्या. त्यांच्या मुलानेच रोहिदासाचं काम केलं. फाळक्यांचा आपल्या गुजरातशीही संबंध आहे. ते बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि गोध्र्याला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. फाळक्यांची ती फिल्मसुद्धा घरच्या माणसांच्या जिवावरच झाली, एवढंच मला म्हणायचंय. मी आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं. आधी ताटं घे."

शेवटचा सीन असा होता. घरात सगळे बोलतायत, नाना कोपऱ्यात बसलेत. कुणीतरी काहीतरी विचारतं, नाना चुकीचं उत्तर देतात, सगळे हसतात. मग नात त्यांच्यासमोर येऊन उभी राहते, हातात डबा. ती आवाज न काढता, फक्त ओठांनी विचारते, 'नाना, जेवलात का?' आणि नानांना ते कळतं. त्यांनी म्हणायचं होतं, 'अजून वेळ आहे.'

आम्ही सकाळी शेडमध्ये जे पाहिलं होतं, ते मुलीला शिकवायला मला दोन मिनिटं लागली. मला स्वतःला कधी सुचलं नव्हतं. पहिल्याच टेकला नाना तिच्याकडे बघून हसले आणि कागदावर लिहिलेलं वाक्य सोडून आमच्या अहिराणीत म्हणाले, "आजून येळ शे." मित्राने कॅमेऱ्यामागून अंगठा दाखवला. दुसरा टेक आम्ही घेतलाच नाही.

शनिवारी रात्री मी एडिटिंगला बसलो. लूमच्या आवाजाने कान जातात तेव्हा सगळेच आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपासचे. म्हणजे स, श, फ, त अशी व्यंजनं आणि लहान मुलांचं बोलणं. जाड आवाज तेवढे राहतात. म्हणून अशा माणसाला आपण बोलतोय हे ऐकू येतं, पण काय बोलतोय हे कळत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, लक्षच देत नाहीत.

सॉफ्टवेअरमध्ये हे करायला एक फिल्टर पुरतो. मी अंदाजाने २,००० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं आणि हेडफोन लावून प्ले केलं.

घरातल्या सीनमध्ये मुलाचं काम मीच केलं होतं. त्यात मी लॅपटॉपकडे बघत बोलतो. पहिल्यांदा हळू, नानांना कळत नाही म्हणून दुसऱ्यांदा जोरात, तिसऱ्यांदा 'जाऊ द्या' म्हणतो. लिहिताना ती नुसती गंमत होती. आता फिल्टरमधून ऐकताना माझ्या बोलण्यातला एकही शब्द कळत नव्हता. फक्त चढत गेलेला सूर ऐकू येत होता. आणि माझ्या मुलीचं बोलणं तर नुसती एक पुटपुट झालं होतं. रात्रीचे अडीच वाजले होते. मी तो तुकडा पाच-सहा वेळा ऐकला आणि मग थोडा वेळ बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

रविवारी संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी फिल्म पूर्ण झाली. चार मिनिटं, चाळीस सेकंद. मी एक्स्पोर्टला लावली. तेवढ्यात लोचो खाऊन झाला, मित्राने सगळ्यांचा फोटो काढला. सहा छत्तीसला फाइल तयार झाली आणि आम्ही एकदा शेवटची बघितली.

माझी चूक झाली होती. शेवटच्या वाक्याला फिल्टर नको होता. अख्खी फिल्म बुजलेली ऐकल्यावर नानांचं ते एक वाक्य स्वच्छ ऐकू यायला हवं, असं आमचं ठरलं होतं. मी फिल्टर संपूर्ण ट्रॅकवर ठेवला होता. 'आजून येळ शे' हे कुणालाच कळलं नसतं.

पुन्हा एक्स्पोर्ट करायला लॅपटॉपला अर्धा तास लागत होता. रिझोल्युशन कमी करून पंधरा मिनिटांवर आणता आला असता. वर अपलोड. बाहेर पाऊस, इंटरनेट कधी येतंय, कधी जातंय.

मावसभाऊ म्हणाला, जशी आहे तशी पाठव. परीक्षकांना काय कळणार? बायको काही बोलली नाही. मी मित्राकडे बघितलं. रजा त्याची होती, लेन्स त्याची होती, सहा-सात वर्षं वाट बघणाराही तोच. मी म्हटलं, "तू सांगशील ते." तो मिनिटभर गप्प राहिला. ते मिनिटही आम्हाला महाग होतं. मग म्हणाला, "कर."

आमची फिल्म सात वाजून चार मिनिटांनी पोहोचली. नियम असा होता की उशिरा आलेली फिल्म दाखवतील, पण बक्षिसासाठी धरणार नाहीत. नियम सगळ्यांना सारखा, त्यात तक्रारीला जागा नाही. मित्र रात्री न जेवता गेला आणि मंगळवारपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलला. मलाही फोन करायचं धाडस झालं नाही. चूक माझी होती आणि तिची किंमत त्याने मोजली, हे आजही तसंच आहे.

पुढच्या रविवारी सगळ्या फिल्म्स दाखवल्या. नाना इस्त्रीचा शर्ट घालून आले. मुलगी त्यांच्या मांडीवर. आमची फिल्म लागली तेव्हा सुरुवातीला मागून कुणीतरी ओरडलं, "अवाज नथी आवतो!" आवाज येत नाही म्हणून. मग दीडेक मिनिटाने हॉल शांत झाला. नाना पडदा बघत नव्हते, वळून लोकांची तोंडं बघत होते. शेवटचं वाक्य आलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी मला ओठांनीच विचारलं, 'कळलं का त्यांना?' मी पण ओठांनीच सांगितलं, 'कळलं.'

बाहेर चहा पिताना ते म्हणाले, "त्या डॉक्टरकडे जाऊ या एकदा. पोरगी काय बोलते ते ऐकायचंय."

दोन वर्षांपासून आम्ही मागे लागलो होतो आणि ते टाळत होते. तपासणीत कानाचा आलेख निघतो. नानांचा आलेख डावीकडे ठीक होता आणि उजवीकडे, उंच पट्टीकडे, घसरगुंडीसारखा खाली गेला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की मोठ्या आवाजाने गेलेलं परत येत नाही. मशीनने मदत होते आणि जितक्या लवकर लावाल तितकं मेंदूला जुळवून घेणं सोपं जातं. आता नाना मशीन लावतात. नात घरात असली की लावतात. मी सल्ले द्यायला लागलो की काढून खिशात ठेवतात.

आपल्या मंडळातली कॉलेजची मुलं मला विचारतात, आम्ही भाग घ्यावा का? जरूर घ्या. माझ्या अनुभवावरून तीन-चार गोष्टी सांगतो. टीम पाच-सहा जणांचीच ठेवा. कॅमेऱ्यापेक्षा आवाजाकडे जास्त लक्ष द्या, चित्र थोडं खराब असलं तर चालतं, आवाज खराब असला तर लोक उठून जातात. गोष्ट पहिल्या रात्रीच ठरवा आणि ती घरातली, गल्लीतली असू द्या, कारण दोन दिवसांत दुसरं काही उभं राहत नाही. शेवटचे चार तास फक्त चुका सापडण्यासाठी ठेवा, त्या सापडतातच. आणि ज्या घरात शूटिंग कराल, तिथल्या स्वयंपाकघरात आधी विचारा.

आणखी एक. ज्यांच्या घरात लूमवर, प्रोसेस हाउसमध्ये किंवा भरतकामाच्या मशीनवर कुणी काम केलंय, त्यांनी त्यांच्या समोर बसून, चेहरा दिसेल असं एकदा बोलून बघा. अजून कामावर असतील तर कानात घालायचे प्लग आणून द्या. फार महाग नसतात.

मित्राशी आता सगळं ठीक आहे. या वर्षी पुन्हा नाव द्यायचं असं त्यानेच परवा सांगितलं, आणि एक अट घातली : शेवटची फाइल तो स्वतः तपासणार. मी हो म्हटलंय. नानांनाही विचारलं. ते पेपर वाचत होते, म्हणून मी आधी त्यांच्यासमोर जाऊन बसलो.

"बघू," ते म्हणाले. "डायलॉग कमी ठेवा."